सायनसमधली सर्फॅक्टंट प्रोटीन्स : थीसिसला हात घालण्याआधी

क्रॉनिक सायनसायटिस आणि सर्फॅक्टंट प्रोटीन हा विषय घेतलेल्या ईएनटी रेसिडेंटची गल्लत सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावरच होते. ‘सर्फॅक्टंट प्रोटीन’ नावाची एकच वस्तू नाही. ती चार आहेत : ए, बी, सी आणि डी. बी आणि सी पृष्ठताण कमी करतात. ए आणि डी ही कोलेक्टिन्स : जंतूंच्या किंवा बुरशीच्या पृष्ठभागावरच्या शर्करेला चिकटून त्यांना भक्षक पेशींच्या तोंडी देणारी. सायनसच्या आजारात मुख्य प्रश्न या दोघांचा. अ‍ॅलर्जिक फंगल सायनसायटिस घेणार असाल तर आधी डी बघा, ते अ‍ॅस्परजिलस या बुरशीच्या बीजाणूंना चिकटतं.

लक्षणं १२ आठवडे किंवा जास्त, ही ‘क्रॉनिक’ची अट सगळ्यांना पाठ असते. घात कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या, हा आजार नसलेल्या लोकांमध्ये होतो. पेशंटच्या एथमॉइड सायनसचं अस्तर आणि कंट्रोलच्या इन्फिरिअर टर्बिनेटचं (नाकातल्या खालच्या उंचवट्याचं) घेतलं, तर दिसलेला फरक आजाराचा की जागेचा, हे कोणीच सांगू शकत नाही. सेप्टोप्लास्टीचे (नाकाचा पडदा सरळ करण्याच्या ऑपरेशनचे) कंट्रोल सहज मिळतात म्हणून हे सर्रास चालतं. पिट्युटरीच्या एंडोस्कोपिक ऑपरेशनमध्ये मिळणारी सायनसची म्यूकोसा (अस्तर) त्यापेक्षा बरी. ऑपरेशनआधी तोंडावाटे स्टेरॉइड दिलं असेल तर तारीख आणि डोस लिहून ठेवा. स्टेरॉइडने या जीन्सची अभिव्यक्तीच बदलते.

आरएनएसाठीचा तुकडा एका बाजूने तरी ५ मिमीपेक्षा पातळ हवा, नाहीतर आरएनएलेटर (आरएनए टिकवणारा द्रव) आतपर्यंत पोचत नाही. रात्रभर ४ अंशांवर, मग द्रव काढून उणे ८० ला. स्लाइड्ससाठीचा दुसरा तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये. पॉलिपच्या स्लाइड्सवर सगळीकडे तपकिरी रंग दिसला की हुरळून जाऊ नका. इओसिनोफिल्सचं स्वतःचं पेरॉक्सिडेज असतं आणि डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन) त्यावरही रंगतं. हायड्रोजन पेरॉक्साइडची पायरी नीट करा, आणि प्रायमरी अँटिबॉडी (प्रोटीनला चिकटणारी) न लावलेली एक स्लाइड प्रत्येक बॅचला ठेवा.

सर्वांत जास्त डेटा मात्र म्यूकसमध्ये वाया जातो. घट्ट म्यूकस पातळ करायला थुंकीच्या प्रोटोकॉलमधलं डीटीटी उचलून वापरलं जातं. डीटीटी डायसल्फाइड बंध तोडतं. आणि एच्या १८, डीच्या १२ साखळ्यांचा गुच्छ त्याच बंधांनी बांधलेला असतो. गुच्छ सुटला की एलायझाचा (अँटिबॉडीने प्रोटीन मोजण्याच्या चाचणीचा) आकडा भलताच येतो. एलायझाच्या अँटिबॉडीलाही डीटीटी सोडत नाही. त्यापेक्षा पीबीएसमध्ये (मिठाच्या बफर द्रावणात) पातळ करून सुईतून पुन्हा पुन्हा ओढा. मग काही नमुन्यांत ठरावीक स्टँडर्ड मिसळून त्यातलं ८० ते १२० टक्के परत मोजता येतं का ते बघा. येत नसेल तर डायल्यूशन वाढवा.

कॅल्शियमचीही एक खोच आहे. ही प्रोटीन्स शर्करेला चिकटतात ती कॅल्शियमच्या जोरावर, म्हणून कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए घातलेल्या नमुन्यावर बंधनाचा प्रयोग फसतो. उलट कॅल्शियम असताना जंतूंना चिकटलेलं प्रोटीन सेंट्रिफ्यूजमध्ये गाळासोबत तळाला जातं आणि वरच्या द्रवात कमी भरतं. मोजमाप हवं की कार्य, हे नमुना घेण्याआधीच ठरवा. लॅव्हाजमध्ये (सलाइनने धुऊन नमुना घेताना) सलाइन किती परत आलं ते दर पेशंटला वेगळं, तेव्हा आकडा एकूण प्रोटीनच्या प्रमाणात द्या.

क्यूपीसीआरमध्ये (जीनची अभिव्यक्ती मोजण्याच्या चाचणीत) ए बनवणारे दोन जीन्स, एसएफटीपीए१ आणि एसएफटीपीए२, इतके सारखे आहेत की बहुतेक प्रायमर (जीन शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) दोन्ही उचलतात. तसं स्पष्ट लिहा. फुफ्फुसाचा आरएनए पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लावा. नाकात सीटी (सिग्नल दिसायला लागतो त्या चक्राचा आकडा) त्याच्यापेक्षा बराच उशिरा येतो, आणि ३५ च्या पुढे गेला तर रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएचा डीएनए करणारं एन्झाइम) न घातलेली ट्यूब बघितल्याशिवाय तो मोजू नका.