बोडीतला हायड्रा आणि मूळपेशींचा अभ्यास : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

गडचिरोली, गोंदिया, भंडारा भागातल्या कॉलेजात बीएस्सी करत असाल आणि पुढे मूळपेशींवर (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी तयार होतात त्यांवर) काम करायचं मनात असेल, तर जनुकांची यादी पाठ करण्यापासून सुरुवात करू नका. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांनी २००६ साली ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक ही चार प्रथिनं वापरून उंदराच्या पक्व पेशी मूळपेशींसारख्या केल्या, हे परीक्षेत येतंच. पण चारही प्रथिनं मिळूनसुद्धा शंभरातली एकही पेशी धड का बदलली नाही, हा प्रश्न जास्त शिकवतो. ज्या जनुकांवर ही प्रथिनं बसायची, ती हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेली असतात. पेशी आधी काय होती, त्यावर प्रथिनाला तिच्यात काय करता येईल हे ठरतं.

मूळपेशींचं काम डोळ्यांनी बघायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही, हायड्रा पुरतो. हा गोड्या पाण्यातला, कापला तरी पुन्हा पूर्ण वाढणारा चिमुकला प्राणी. त्याच्या शरीरात मूळपेशींचे तीन वंश असतात : बाहेरच्या थराचा, आतल्या थराचा आणि मधल्या आय-पेशींचा (इंटरस्टिशियल). आय-पेशींपासून चेतापेशी, दंशपेशी, ग्रंथिपेशी आणि जननपेशी तयार होतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बोडीतली (शेतातलं लहान तळं) किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावातली हायड्रिला, शिंगाड्याची पानं त्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत आणा. बरणी खिडकीजवळ, पण उन्हात नाही, रात्रभर ठेवा. सकाळी उजेडाच्या बाजूच्या काचेवर काही मिलिमीटरचे धागे दिसतील. ड्रॉपरने हलकेच स्पर्श केल्यावर धागा गोळा झाला, तर तो हायड्रा. कपाशीच्या किंवा धानाच्या शेतातून फवारणीचं पाणी उतरतं त्या तळ्यात शोधण्यात वेळ जाईल.

पाण्याची चूक सगळ्यात जास्त होते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हायड्राला मारतं आणि तांब्याच्या घागरीत साठवलेलं पाणीही मारतं, कारण तांब्याचा अंशही त्याला सोसत नाही. बोअरचं पाणी प्रत्येक गावात वेगळं, त्यामुळे निकाल जुळत नाहीत. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १४७ मिलिग्रॅम, मीठ (सोडियम क्लोराइड, आयोडीन नसलेलं) ५८, पोटॅशियम क्लोराइड ७.५, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट २५ आणि ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं रसायन) १२१ मिलिग्रॅम घाला, पीएच ८ करा. इतकी लहान वजनं साध्या काट्यावर नीट येत नाहीत, म्हणून हजारपट दाट द्रावणं वेगवेगळी करून ठेवा आणि लिटरला १ मिलि घ्या.

तापमान १८ ते २० अंश हवं. इन्क्युबेटर नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेला माठ आणि त्यावर ओलं गोणपाट हिवाळ्यात काम भागवतं. मे महिन्यातल्या ४५ अंशांत हा उपाय पुरणार नाही, तेव्हा प्रयोग लवकर उरका. खाद्य म्हणून अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) द्या, आधी गोड्या पाण्यात धुऊन. सहा-आठ तासांनी पाणी बदललं नाही तर उरलेलं खाद्य सडतं आणि बरणीच जाते.

प्रयोगाआधी २४ तास उपाशी ठेवा. कळी (अंगावर फुटलेलं पिल्लू) नसलेले २० प्राणी घ्या, ११ नंबरच्या सर्जिकल ब्लेडने धडाच्या मध्यावर कापा. खालच्या अर्ध्या भागाची ३६, ४८ आणि ७२ तासांनी नोंद करा, किती स्पर्शिका फुटल्या ते मोजा. कापायची जागा बदलली तर वेळ बदलते : डोक्याजवळ कापलेल्याला डोकं लवकर येतं, पायाजवळ कापलेल्याला उशिरा. म्हणून जागा सगळ्यांत एकच ठेवा.

जखमेपाशी नेमकं काय होतं? विंट हे पेशींमधला संदेश देणारं प्रथिन. ते नसताना जीएसके-३ हे विकर बीटा-कॅटेनिन या प्रथिनावर फॉस्फेट लावतं आणि पेशी ते नष्ट करते. कापलेल्या टोकाला विंट-३ (विंटचाच एक प्रकार) सुरू झालं की बीटा-कॅटेनिन टिकतं, केंद्रकात जाऊन टीसीएफ या डीएनएवर बसणाऱ्या प्रथिनाला चिकटतं आणि डोक्याची जनुकं चालू होतात. यात विंट-३ स्वतःही असतं, म्हणजे संदेश स्वतःला वाढवतो. मग अंगभर डोकी का येत नाहीत? कारण हाच मार्ग एसपी-५ नावाचं प्रथिन चालू करतो आणि ते विंट-३ ला दाबतं. एसपी-५ कमी केलं की अनेक डोक्यांचा हायड्रा होतो.

तपासायचं असेल तर जीएसके-३ अडवणारं अल्स्टरपॉलोन ५ मायक्रोमोलर, २४ तास. दोन-चार दिवसांत धडभर स्पर्शिका फुटतात. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळतं, म्हणून तेवढंच डीएमएसओ घातलेला गट बाजूला ठेवलाच पाहिजे. तो नसेल तर फुटलेल्या स्पर्शिकांचं श्रेय कशाला द्यायचं, हे सांगता येत नाही. एवढ्याने बीटा-कॅटेनिन ‘पुरेसं’ आहे असं दिसतं. ‘आवश्यक’ आहे का, ते जनुक बंद करूनच कळतं, आणि त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागते. नवखे हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

आणि ‘बीटा-कॅटेनिन म्हणजे डोकं’ असंही वहीत लिहू नका. प्लॅनेरिया या चपट्या कृमीत तेच प्रथिन शेपटीकडे नेतं. २००८ साली तिथं ते बंद केल्यावर शेपटीच्या जागी डोकं आलं.

पुढच्या वाटा : पुण्यात आघारकर संशोधन संस्था (हायड्रावर तिथं काम झालं आहे), राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), हैदराबादला सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र), बंगळुरूला इनस्टेम (मूळपेशींवर काम करणारी संस्था). देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची (आयएएससी, इन्सा, नासी) दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप बीएस्सीच्या मुलांनाही खुली असते, जाहिरात वर्षाअखेरीआधीच येते. अर्जासोबत तुमच्या २० प्राण्यांचा ७२ तासांचा तक्ता जोडा आणि त्यात मेलेले प्राणीही मोजा.