आपला बेत आणि देवाचा संकल्प : निर्णयापूर्वी पारख कशी करावी

नोकरी बदलणे, लग्न ठरवणे, पूर्णवेळ सेवेत उतरणे अशा निर्णयापुढे उभा असलेला विश्वासणारा देवाची इच्छा काय आहे असे विचारतो खरा, पण पुष्कळदा त्याचा बेत आधीच पक्का झालेला असतो आणि प्रार्थनेत तो केवळ त्या बेताला मंजुरी मागत असतो. म्हणून पारख करण्यास स्वतःच्या बेतापासूनच सुरुवात करावी.

एक वही घ्यावी आणि तीत आपल्याला काय हवे आहे, केव्हापर्यंत हवे आहे आणि का हवे आहे, हे स्पष्ट लिहावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना घाई करू नये. ‘सेवेसाठी दुसऱ्या शहरी जायचे आहे’ या वाक्यामागे ‘इथल्या मंडळीत मला कोणी विचारत नाही’ असे दुसरे कारण दडलेले असेल, तर तेही त्याच पानावर यायला हवे. माणसाला आपले सगळे मार्ग शुद्धच वाटतात, पण परमेश्वर अंतःकरण तोलून पाहतो, असे नीतिसूत्रांच्या 16 व्या अध्यायात म्हटले आहे. त्यानंतर, देवाने या बेताला नकार दिला तर माझे नेमके काय जाईल, हेही लिहावे. आपले मन कशाला चिकटून बसले आहे ते बहुधा याच उत्तरात दिसते. इच्छा लपवणे म्हणजे समर्पण, असा गैरसमज मात्र करून घेऊ नये. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने हा प्याला टळावा अशी आपली इच्छा आधी उघडपणे पित्यापुढे मांडली आणि मगच पित्याची इच्छा पूर्ण होवो असे म्हटले. तीच प्रार्थना त्याने तीनदा केली.

पुढची पायरी म्हणजे देवाने आधीच जे सांगून ठेवले आहे ते बाजूला काढणे. पवित्र जीवन, उपकारस्तुती, न्यायाने वागणे आणि दिलेला शब्द पाळणे यांविषयी वेगळे मार्गदर्शन मागण्याची गरज नाही. बेत पार पाडण्यासाठी खोटे बोलावे लागत असेल, किंवा देवाचे नाव पुढे करून आईवडिलांची जबाबदारी टाळावी लागत असेल, तर पारख तिथेच संपली.

शास्त्र वाचताना आपल्या सोयीचे एखादे वचन उचलून घेण्याचा मोह फार असतो आणि त्याचे सर्वांत परिचित उदाहरण यिर्मयाच्या 29 व्या अध्यायातील 11 वे वचन आहे. देवाच्या मनातील संकल्प हिताचे आहेत, हे आश्वासन नव्या नोकरीच्या किंवा परीक्षेच्या वेळी हमखास दिले जाते. हे वचन ज्या पत्रात आहे ते यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेले होते. आपण लवकर घरी परतावे असे त्या लोकांना वाटत होते, आणि हनन्या नावाच्या संदेष्ट्याने तर दोनच वर्षांत सुटका होईल असे जाहीरही केले होते. यिर्मयाने मात्र 70 वर्षांचा काळ सांगितला. घरे बांधा, मळे लावा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे कळवले. पत्र ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांचा स्वतःचा बेत बाजूला सारूनच हे आश्वासन आले होते, हे ध्यानात घेतले की ते वचन आपल्या बेतावर शिक्क्यासारखे वापरता येत नाही. कोणतेही वचन स्वतःला लागू करण्यापूर्वी तो पूर्ण अध्याय आणि त्याच्या आधीचा एक अध्याय वाचण्याची सवय लावावी. या प्रसंगात हनन्या भेटतो तोही आधीच्याच अध्यायात.

बाह्य खुणांना मर्यादितच महत्त्व द्यावे. देवाने निनवे नगराला जाण्यास सांगितले असता योना संदेष्टा उलट दिशेने पळत होता, तेव्हा त्याला याफो बंदरात तार्शीशला जाणारे जहाज अगदी तयार मिळाले आणि भाड्याचे पैसेही त्याच्याजवळ होते. तरीही तो वाट चुकलेलाच होता. गिदोनाने लोकरीची खूण मागितली ती इस्राएलाला सोडवण्याची आज्ञा मिळाल्यानंतर, आणि दुसऱ्यांदा मागताना तर देवाने रागावू नये अशी विनवणीही केली. त्याचा भित्रेपणा देवाने सोसला, पण म्हणून आपण तीच पद्धत उचलावी असे मला वाटत नाही.

अंतःकरणातील हालचालींकडे लक्ष देण्याचा एक जुना मार्ग मात्र उपयोगी आहे. 1521 मध्ये स्पेनमधील पँप्लोना येथील लढाईत, पुढे येशूसंघाचा (जेझुइट) संस्थापक झालेल्या इग्नेशियस लोयोला याच्या पायाला तोफगोळा लागला आणि तो दीर्घकाळ अंथरुणाला खिळला. दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना त्याला आनंद होई, पण नंतर मन कोरडे पडे. ख्रिस्ताचे आणि संतांचे अनुकरण करण्याच्या विचारांनंतर मात्र समाधान टिकून राहते, असे त्याच्या ध्यानात आले. आपणही काही आठवडे रोज रात्री, त्या बेताचा विचार केल्यानंतर मनात काय उरले, याची दोन ओळींत नोंद ठेवावी. विचार करतानाचा उत्साह नोंदवण्यात फारसा अर्थ नाही, कारण तो कोणत्याही बेताला असतोच. मन उदास आणि प्रार्थना निरस झालेली असताना आधीचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय बदलू नये, हा इग्नेशियसचाच नियमही पाळण्यासारखा आहे.

सल्ला अशा दोनतीन प्रौढ विश्वासणाऱ्यांचा घ्यावा, ज्यांचा आपल्या निर्णयात काही लाभ नाही, आणि त्यांना वहीतील ते पहिले पान पूर्ण वाचून दाखवावे. ‘देवाने मला सांगितले आहे’ अशी सुरुवात करू नये, कारण त्यानंतर पाळकाला आणि मंडळीच्या वडिलांना बोलायला जागाच उरत नाही. त्यांनीही लगेच उत्तर देण्याचे टाळलेले बरे. दावीदाने मंदिर बांधण्याची इच्छा सांगताच नाथान संदेष्ट्याने मनात आहे ते कर असे म्हटले, आणि त्याच रात्री देवाने त्याला वेगळा संदेश दिला. हेतू चांगला, सांगणारा राजा आणि सल्लागार संदेष्टा असूनही उत्तर बदलावे लागले.

मग निर्णय घ्यावा. पूर्ण खात्रीची वाट पाहत बसणेही कधीकधी आज्ञाभंगच ठरतो. पौलाला आशिया प्रांतात वचन सांगण्यास आणि बिथुनियात जाण्यास पवित्र आत्म्याकडून मनाई झाली. त्रोवसात दृष्टान्त झाल्यावर मात्र त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी देव आपल्याला मासेदोनियात बोलावत आहे असे अनुमान काढले आणि लगेच तिकडची वाट धरली. पुढे फिलिप्पैत पौल आणि सीला यांना फटके बसले आणि तुरुंगवास घडला, म्हणजे वाटेत अडचण आली एवढ्यावरून निर्णय चुकला असे ठरत नाही. बेत बोलून दाखवताना ‘प्रभूची इच्छा असल्यास’ हे याकोबाने शिकवलेले शब्द जोडावेत, पण ते सवयीचे तोंडदेखले होऊ नयेत यासाठी फेरविचाराची तारीखही वहीत लिहून ठेवावी.

उत्तर नकारार्थी आले, तर त्या बेतासाठी जमवलेले ज्ञान, पैसा आणि ओळखी यांचे काय करायचे, हेही ठरवावे लागते. मंदिर आपल्या हातून बांधले जाणार नाही हे कळल्यावर दावीदाने खिळ्यांसाठी लोखंड, अमाप पितळ आणि गंधसरूची लाकडे जमवली, मंदिराचा आराखडा शलमोनाच्या हाती दिला आणि सरदारांना त्याला साहाय्य करण्यास सांगितले. आपल्या वहीतही, हे काम आता कोण करू शकेल आणि त्याला आपल्याजवळचे काय देता येईल, यासाठी एक पान ठेवावे.