दारू सोडताना धीर कसा धरायचा, आणि देवावर किती सोडायचं
आधी एक महत्त्वाचं, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नका, पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, म्हणून डॉक्टरला दाखवूनच सोडा. हे देवावर सोडायचं काम नाही.

मग तलफ. ती आली की वाटतं आता जीवच जाणार, पण साधारण पंधरा-वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, मग ओसरते. तेवढा वेळ काढायचा बस. मी सोलापूरच्या सिद्धेश्वर तळ्याच्या कडेने चालत मंदिरात जायचो, आत जाऊन नुसता बसायचो, मागायचो काहीच नाही, परत येईपर्यंत तलफ निम्मी झालेली असायची. पोट रिकामं ठेवू नका, भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन निघा, उपाशी माणसाला तलफ जास्त छळते (आणि चिडचिड घरच्यांवर निघते).

देवाला "आयुष्यभर सोडव" म्हणू नका, लई मोठं होतं ते. सकाळी म्हणायचं, आजचा दिवस सांभाळ. रात्री आभार. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचं मंडळ, १९३५ ला सुरू झालं, त्यांचंही असंच, एकेक दिवस, आणि देव ज्याला जसा समजला तसा.

बायको लगेच विश्वास ठेवणार नाही, भांडू नका, पगार तिच्या हातात द्या. गड्ड्याच्या यात्रेत जुने दोस्त भेटतातच, तिथं एकटं जायचं नाही. पाय घसरलाच तर लपवू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, नाहीतर १४४४६ या सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे.