पंप-नोझलच्या लाइनला नव्याने येणाऱ्या पोरांसाठी

आयटीआयचा मेकॅनिक डिझेल ट्रेड करून पोरं आमच्याकडे कामाला आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "शेठ, पंप कधी खोलायला देणार?" (पंप दाबाने डिझेल पुढे ढकलतो, नोझल ते सिलिंडरमध्ये फवारतो.) दहावीनंतरचा हा एक वर्षाचा ट्रेड चांगलाच आहे, इंजिनाची तोंडओळख नीट होते. पण टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप चढवून तपासायच्या यंत्रावर, भरपूर हात साफ करून आलेला पोरगा मला क्वचितच भेटलाय. त्यामुळे पंप बाजूला ठेवा. सुरुवात आवाजापासून करायची.

ड्रायव्हर येऊन सांगतो, गाडी खडखडतेय, लोडला ठोकतेय, रनिंगला (म्हणजे उभ्या गाडीच्या मंद गतीला) हलतेय. यातलं काय डिझेलचं आणि काय लोखंडाचं हे ओळखणं म्हणजे या धंद्यातलं निम्मं काम. टॅपेट ढिले, इंजिन माउंटिंग बसलेलं, एअर कॉम्प्रेसर वाजतोय, आणि मालक मात्र पंप काढून घेऊन दुकानात हजर, असं नेहमी होतं. अशा पंपाचं कितीही सुंदर कॅलिब्रेशन (डिझेलचं माप जुळवणं) केलं तरी गाडी तशीच वाजणार आणि शिव्या तुम्हाला पडणार.

जुन्या सहा सिलिंडरच्या गाडीवर, म्हणजे इन-लाइन पंपाच्या (एका रांगेत प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा दट्ट्या असलेल्या), पारख साधी आहे. इंजिन रनिंगला ठेवायचं आणि पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या पाइपचं नट एकेक करून थोडं ढिलं करायचं. भोवती फडकं धरायचं, नाहीतर डिझेल गरम सायलेन्सरवर उडतं. चांगल्या सिलिंडरचं नट ढिलं केलं की इंजिन लगेच लंगडतं. ढिलं करूनही फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच कामचुकार आहे. आणि ढिलं करताच ठोका गायब झाला, तर चोर तिथेच. पण इथे घाई नको. बिग एंडचं (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं) बेअरिंग गेलेलं असलं तरी त्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर ठोका कमी होतो. म्हणून तो नोझल काढून शेजारच्या सिलिंडरला लावायचा. ठोका नोझलबरोबर शेजारी गेला तर काम आपलं. जागेवरच राहिला तर गाडी इंजिनवाल्याकडे पाठवायची, पंपाला हात लावायचा नाही.

ठोका येतो कशाने? डिझेल आत फवारलं की लगेच पेटत नाही, मध्ये अगदी थोडा वेळ जातो. त्या वेळात जेवढं डिझेल साठतं तेवढं एकदम भडकतं आणि दाब झटक्याने वर जातो. तो झटका म्हणजेच डिझेलचा खास खडखडाट. टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, फार पुढे (लवकर) असलं तर आतली हवा अजून पुरेशी तापलेली नसते, साठा जास्त होतो आणि आवाज टणक येतो. टायमिंग मागे घेतलं की आवाज मऊ होतो. हे कळल्यावर नवशिक्याला वाटतं, घे अजून मागे. मग सकाळी पांढरा धूर, चढाला दम नाही, गाडी तापते, अ‍ॅव्हरेज पडतं. आवाज कमी म्हणजे टायमिंग बरोबर, असं नसतं. त्या इंजिनाला कंपनीने दिलेला आकडाच लावायचा, अंदाजाने नाही.

आता नोझल. हँड टेस्टरवर (हाताने दांडा दाबून नोझल तपासायच्या यंत्रावर) बसायला मिळालं की कंटाळू नका, खरी शाळा तीच. जुन्या गाड्यांचे नोझल साधारण 200 ते 250 बारच्या आसपास उघडतात, नेमका आकडा मॉडेलप्रमाणे. स्प्रिंग थकली की नोझल कमी दाबाला उघडतो. म्हणजे डिझेल वेळेआधी आत शिरतं आणि टायमिंगला कोणी हात न लावताही त्या एका सिलिंडरचं टायमिंग पुढे सरकतं. मालक म्हणतो टायमिंग बिघडलं, आणि असतो तो नोझल. स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) घालून दाब परत आणता येतो.

दांडा हळू दाबत उघडण्याच्या दाबाच्या 20 बार खाली आणून दहा सेकंद धरा आणि टोकाकडे बघा. टोक ओलं झालं तर चालेल, थेंब लोंबता कामा नये. थेंब लोंबतोय म्हणजे सुई सीटवर बसत नाही, आणि ते डिझेल नको त्या वेळी आत जळतंय. मग भराभर दाबून फवारा बघा. सगळ्या भोकांतून सारखा, धुक्यासारखा हवा. एखादी धार सरळ पिचकारीसारखी जात असेल तर तो नोझल घासत बसू नका, बदला. सुई आणि बॉडी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. दोन नोझल एकत्र खोलून सुयांची अदलाबदल झाली की दोन्ही भंगारात. ट्रेमध्ये जोडी जोडीनेच ठेवायची. आणि बोटं नोझलसमोर कधीच नाहीत. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. बाहेरून सुई टोचल्यासारखी खूण दिसते आणि आतून हात सडायला लागतो. असं कोणाला झालं तर हळद लावत बसू नका, थेट सर्जन गाठा.

बेंचवर पंप चढतो तो यानंतर. तिथे पोरांचा हमखास गोंधळ होतो तो आरपीएमचा. चार स्ट्रोक इंजिनात पंप इंजिनाच्या निम्म्याने फिरतो. इंजिनाचं रनिंग 600, तर बेंचवर 300. आधी फेजिंग बघायचं: सहा सिलिंडरच्या पंपात एकाचं डिझेल सुरू झाल्यावर पुढच्याचं बरोबर 60 अंशांनी सुरू व्हायला हवं, फरक अर्ध्या अंशाच्या आत. मग मोजनळ्यांतून सहाही लाइनचं डिझेल सारखं करायचं, आणि तेही फक्त फुल स्पीडला नाही, रनिंगलासुद्धा. अनेक दुकानं वरचं जुळवतात आणि खालचं सोडून देतात. मग गाडी हायवेला मक्खन आणि सिग्नलला उभी राहिली की केबिन थरथरते. इंजिन गुळगुळीत चालण्याचं गुपित काही असेल तर हेच: सहाही जणांना सारखा घास, सारख्या वेळी.

मालकाचं मागणं वेगळंच असतं. "थोडा डिझेल वाढवून दे, घाटात पिकअप पाहिजे." गव्हर्नरच्या (पंपाचं डिझेल आणि वेग आवरणाऱ्या भागाच्या) मॅक्स स्क्रूला सील असतं ते उगीच नाही. डिझेल वाढलं, हवा तेवढीच राहिली, की काळा धूर आणि तापलेले पिस्टन. मी सरळ नाही म्हणतो. गिऱ्हाईक जातं कधीकधी, जाऊ दे.

नवीन गाड्यांचं गणित निराळं. ट्रकवर कॉमन रेल, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकाच जास्त दाबाच्या सामाईक नळीतून डिझेल देणारी पद्धत, पहिल्यांदा आली ती 1995 मध्ये जपानात, डेन्सोने हिनोच्या ट्रकसाठी केलेली. आपल्याकडे बीएस-4 या प्रदूषणाच्या नियमाच्या वेळी, 2017 मध्ये, बऱ्याच मोठ्या गाड्या तिकडे वळल्या. अशोक लेलँडने मात्र मोठ्या इंजिनांवर तेव्हाही इन-लाइन पंपच ठेवला होता. 2020 च्या बीएस-6 नंतर कारभार इलेक्ट्रॉनिक. कॉमन रेलमध्ये मुख्य फवाऱ्याच्या आधी चिमूटभर डिझेल सोडतात, त्याला पायलट म्हणतात. त्याने आतलं वातावरण तापतं, मुख्य डिझेल आलं की लगेच पेटतं, साठा होत नाही आणि झटका बसत नाही. नवीन गाडी जुनीसारखी खडखडायला लागली तर पायलट कुठेतरी हरवलाय का ते आधी बघा. बहुतेक वेळा एखादा इंजेक्टर (इथे विजेच्या इशाऱ्यावर उघडणारा फवारा) झिजलेला असतो.

पाइप ढिला करून बघायची वर सांगितलेली पद्धत इथे चालणार नाही. रेलमध्ये दीड-दोन हजार बार दाब असतो, जिवावर बेतेल. इथे स्कॅनर लावून कुठल्या सिलिंडरला ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) किती डिझेल कमी-जास्त करतोय ते वाचायचं, आणि इंजेक्टरच्या रिटर्न नळ्यांना बाटल्या लावून कोण जास्त गळतोय ते बघायचं. इंजेक्टर बदलला की त्यावरचा कोड ईसीएममध्ये टाकायचा. ते विसरलं तर नवाकोरा इंजेक्टर टाकूनही गाडी वाजते. आवाज कमी करण्याच्या किंवा पिकअपच्या नावाखाली लॅपटॉप लावून मॅप (ईसीएममधली डिझेलची सेटिंग) बदलणारे, डीईएफ (धूर साफ करणारं युरियाचं पाणी) बंद करून देणारे आता गल्लोगल्ली झालेत. मोटार वाहन कायद्यात ते बसत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

मग जुनं शिकावं की नवं? दोन्ही, पण जुन्यापासून. डीजी सेट (डिझेल जनरेटर), ट्रॅक्टर, बोअरवेलच्या गाड्या यांवर मेकॅनिकल पंप अजून भरपूर आहेत, आणि फवारा-दाब-वेळ हे तिथे डोळ्यांनी दिसतं. नाशिकला तर मायको, म्हणजे आताची बॉश, यांच्या कारखान्यामुळे पंप-नोझल जाणणारी जुनी माणसं सापडतात. अशा कोणाच्या हाताखाली जागा मिळाली तर सोडू नका.

दुकान निवडताना पाटी बघू नका, आत जा. पंप खोलायची खोली वेगळी आणि बंद आहे का, की रस्त्याची धूळ थेट टेबलावर येते? टेबलावर सुती फडकं पडलंय का? त्याचे धागे नोझलमध्ये जातात. बेंचचं तेल स्वच्छ आहे का? उस्ताद टेस्ट प्लॅनचा (त्या पंपाच्या ठरलेल्या आकड्यांचा) कागद समोर ठेवून काम करतो की "मला सगळं पाठ आहे" म्हणतो? जिथे आधीचं आणि नंतरचं रीडिंग कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात देतात, तिथे पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी तिथेच लागा.