पालिकेच्या मातीच्या तलावाखाली रान असेल तर मृगाआधी एक चक्कर मारा

रोहिणी निघाल्या, बियाण्याची धावपळ सुरू झाली असेल. तरी एका सकाळी हातात काचेची बाटली घेऊन तलावाच्या पायथ्याला जाऊन या.

साताऱ्याचा कास तलाव पालिकेचाच, ब्रिटिश काळातला, मातीचा. अलीकडे त्याची उंची वाढवली आणि त्याच्याकडं साऱ्या शहराचं लक्ष असतं. प्रश्न आहे तो छोट्या तलावांचा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या काहींना लागू होतो. त्यांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करावीच लागते. त्याहून बुटकी पाळ बघायला बहुतेक वेळा गुराख्याशिवाय कोणी फिरकत नाही.

मातीचं धरण थोडं पाझरतंच. मध्ये चिकण काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याकडच्या बाजूला दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर. आत मुरलेलं पाणी पायथ्याच्या दगडांतून निवळ होऊन बाहेर पडावं, अशीच ती रचना असते. म्हणून ओल दिसली की घाबरायचं नाही, पाण्याचा रंग बघायचा. बाटली भरून तासभर सावलीत ठेवा. तळाला पापुद्र्याएवढा गाळ बसला तरी भिंतीतली माती वाहून येत असल्याचा संशय घ्यावा. पाझराच्या तोंडाशी मुंग्यांच्या वारुळासारखं बारीक मातीचं आळं झालं असेल, तर बाटलीचीही गरज नाही. त्याच दिवशी कळवा.

आत्ता तलावात पाणी कमी, त्यामुळं पाझरही कमी दिसेल. ओलीच्या जागी खुंटी ठोकून ठेवा. तलाव भरला आणि पावसानं उघडीप दिली की तिथंच पुन्हा बघा. भर पावसात सगळंच पाणी गढूळ असतं, तेव्हा काही कळत नाही.

पाझराचं तोंड माती किंवा सिमेंटनं बुजवू नका. पाणी दुसरी वाट काढतं. अभियंता येऊन वाळू, तिच्यावर खडी, वर दगड असा थर देईल. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, खापर मात्र खेकड्यांवर फुटलं! खेकडा, घूस बिळं पाडतात हे खरंच, पण ती बुजवायला माणूसच लागतो.

आता जरा आपल्याच माणसांबद्दल. फूटभर पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, वाळूची पोती रचायची खोड सोडा. दगडी भिंतीवरून पाणी गेलं तर ती काही वेळ तग धरते. मातीवरून गेलं की आधी ओघळ, मग घळ, मग भिंतच नाही. पायथ्याचा मुरूम उचलू नका, पाळीवरून ट्रॅक्टर नेऊ नका. गवत असू द्या, फक्त कापून आखूड ठेवा म्हणजे बिळं दिसतात. मोठी बाभूळ मात्र परस्पर तोडू नका; मुळं कुजली की आत पोकळी राहते.

भाताचा तरवा (रोपं) सांडव्याच्या ओढ्यालगत टाकू नका. मोटारीचा स्टार्टर ओढ्याच्या काठावरून उचलून उंचावर बसवा.

काही वावगं दिसलं तर फोटोसह अर्ज पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला द्या, प्रत तहसीलदारांना, आणि पोच घ्या. पाझर अचानक वाढून गढूळ झाला किंवा पाळ खचताना दिसली, तर अर्ज राहू दे. आधी ओढ्याकाठची माणसं आणि गुरं हलवा, आणि १०७७ (जिल्ह्याचा आपत्ती कक्ष) किंवा ११२ ला फोन लावा.