1 नोव्हेंबरच्या सोहळ्याआधी जागतिक घड्याळ लावून घेताना

रविवार, 1 नोव्हेंबर 2026 रोजी पुण्यात आजीचे सहस्रचंद्रदर्शन आहे आणि न्यू जर्सी, सॅन होजे, लंडन, दुबई व सिडनी येथील नातेवाईक व्हिडिओ कॉलवरून सामील होणार आहेत, असे धरून ही तयारी मांडली आहे. दिवस मुद्दाम अडचणीचा घेतला आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

सर्वांत आधी कागदावर नावे लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे देश न लिहिता शहर लिहावे. ऑस्ट्रेलिया एवढेच लिहून भागत नाही, कारण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सिडनीची घड्याळे उन्हाळ्यासाठी एक तास पुढे जातात आणि ब्रिस्बेनची जागच्या जागी राहतात. अमेरिकेत फिनिक्सची घड्याळेही अशीच जागच्या जागी राहतात. लघुरूपांवर तर मुळीच विसंबू नये. आयएसटी ही अक्षरे भारताच्या प्रमाणवेळेची आहेत, तशीच आयर्लंडच्या उन्हाळी वेळेची आणि इस्रायलच्या प्रमाणवेळेचीही आहेत.

त्यानंतर ही शहरे फोनमधील घड्याळाच्या ‘वर्ल्ड क्लॉक’ विभागात घालून घ्यावीत. न्यू जर्सीतले एडिसन किंवा आपले पुणे यादीत सापडले नाही तर अडून राहू नये. न्यू जर्सीसाठी न्यूयॉर्क, सॅन होजेसाठी लॉस एंजेलिस आणि आपल्यासाठी मुंबई किंवा कोलकाता निवडले तरी वेळ तीच मिळते. (1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यानंतरही मुंबईने तिच्या 39 मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ कित्येक वर्षे सोडली नव्हती, तेव्हा ही निवड अशी बिनघोर नसती.) विंडोजच्या संगणकावर तारखेच्या पट्टीत आणखी दोनच घड्याळे जोडता येतात, म्हणून तेथे ज्यांची वेळ बदलते ती न्यूयॉर्क आणि लंडन ठेवावीत. दुबई वर्षभर आपल्यापेक्षा दीड तास मागेच असते. तिच्यासाठी घड्याळ अडवून ठेवण्याची गरज नाही.

आता मुख्य काम. जागतिक घड्याळ या क्षणाची वेळ दाखवते, समारंभाच्या दिवसाची नव्हे, आणि बहुतेक घोटाळे येथेच होतात. 10 ऑक्टोबरला पाहिले तर न्यू जर्सी साडेनऊ तास मागे आणि लंडन साडेचार तास मागे दिसेल. परंतु 25 ऑक्टोबरला ब्रिटनची आणि 1 नोव्हेंबरच्या पहाटे दोन वाजता अमेरिकेची घड्याळे एक तास मागे येतात, त्यामुळे त्या संध्याकाळी हेच अंतर अनुक्रमे साडेदहा आणि साडेपाच तास झालेले असेल. मार्चमधल्या एका बारशाला मी स्वतः फोनमध्ये पाहून लंडनच्या आत्याला वेळ कळवली होती. मधल्या रविवारी तिकडची घड्याळे पुढे गेली आणि बिचारी आत्या एक तास आधी येऊन रिकाम्या पाळण्याकडे बघत बसली. म्हणून कॅलेंडरमध्ये त्या तारखेची नोंद उघडून, तिच्या वेळेशेजारचा टाइम झोन बदलून, प्रत्येक शहराची वेळ त्या दिवसापुरती तपासावी आणि कागदावरील नावापुढे लिहावी.

सोहळ्याची वेळ ठरवताना हा कागद समोर ठेवावा. होम आणि आजीची तुला सकाळी अकराला सुरू होणार असतील, तर त्या वेळी न्यू जर्सीत रात्रीचा दीड वाजलेला असेल. साडेअकराला तेथील घड्याळ दोनवरून पुन्हा एकवर येईल आणि आपल्याकडे बारा वाजतील तेव्हा तेथे पुन्हा दीडच वाजलेला असेल. अशा रात्री ‘दीड वाजता या’ या निरोपाला काही अर्थ उरत नाही. ओवाळणे आणि आशीर्वाद संध्याकाळी साडेपाचला ठेवल्यास न्यू जर्सीत सकाळचे सात, लंडनमध्ये दुपारचे बारा, दुबईत चार आणि सिडनीत रात्रीचे अकरा वाजलेले असतील. लंडनची वेळ जुन्या युक्तीनेही पडताळता येते: काट्यांचे मनगटी घड्याळ उलटे धरले की आपल्या साडेपाचच्या जागी बारा दिसतात. ही युक्ती फक्त हिवाळ्यात चालते. सॅन होजेला मात्र तेव्हा पहाटेचे चार वाजलेले असतात. सर्वांच्या सोयीची वेळ शोधत बसू नये, ती नसते. त्या घराला सकाळच्या अकराच्या विधीचेच आमंत्रण द्यावे, कारण तेव्हा त्यांच्याकडे शनिवारची रात्र, साडेदहाची वेळ असते आणि मुले जागी असतात.

आमंत्रणात प्रत्येक शहराचे नाव, वार, तारीख आणि चोवीस तासांच्या पद्धतीने वेळ लिहावी. सॅन होजेच्या ओळीत ‘शनिवार, 31 ऑक्टोबर, 22:30’ असे स्पष्ट असावे, नाहीतर रविवार समजून ते एक दिवस उशिरा तयार होऊन बसतील. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सुंदर चित्रातील वेळ कोणाच्याही फोनमध्ये आपोआप बदलत नाही, म्हणून चित्राबरोबर कॅलेंडरची नोंदही पाठवावी आणि ती पाठवण्यापूर्वी तिच्यातील टाइम झोन भारताचाच आहे ना, हे पाहावे.

आठवडाभर आधी फोन आणि संगणक अद्ययावत करून घ्यावेत. वेळ बदलण्याचे नियम सरकारे ठरवतात आणि मोडतातही. मेक्सिकोने 2022 मध्ये बहुतांश भागांत घड्याळे पुढेमागे करणे थांबवले, इजिप्तने 2023 मध्ये ते पुन्हा सुरू केले, आणि जुने सॉफ्टवेअर जुन्याच नियमाने वेळ सांगत राहते.

शनिवारी रात्री न्यू जर्सीच्या घरी एक फोन करून ठेवावा. त्यांच्या मोबाइलचा गजर पहाटे आपोआप नव्या वेळेवर येईल, पण मायक्रोवेव्हवरचे घड्याळ जुनीच वेळ दाखवत राहील, तेव्हा उठायचे ते मोबाइल पाहूनच, एवढे सांगावे.