सड्यावर कातळशिल्प मोजायला निघण्याआधी

पहिले सिमेंटचे डबे. बाकीचं काहीही आयत्या वेळी बाजारात मिळेल, हे मिळणार नाही. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, मातीत खुंटी ठोकली की दोरी ताणता येते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार; त्या कातळात खुंटी जात नाही, आणि छिन्नीने भोक पाडायचं म्हणजे जे जपायला आलो तेच फोडायचं. म्हणून रंगाचे 5 लिटरचे रिकामे डबे घ्या, मधोमध 8 मिलिमीटरची सळई ओळंब्यात धरा आणि काँक्रीट ओता. एक डबा साधारण 12 किलोचा होतो. आठवडाभर आधी ओता. कच्च्या काँक्रीटमध्ये दोरी ताणताच सळई हलते. बुडाला गोणपाट हवं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती सुमारे 18 बाय 13 मीटरचा आहे. तेवढ्यावर 5 मीटरच्या चौकटी आखायला 20 डबे लागतात. वीसच्या वीस न्या. गेल्या खेपेला डबे राहिले म्हणून सुट्या दगडांना दोरी बांधली. दुपारी खारा वारा सुटला, दोरी चार बोटं सरकली आणि शेजारच्या चौकोनांतल्या रेषा कागदावर जुळेचनात. सगळा आराखडा वाया.

5 मीटरच्या चौरसाचा कर्ण 7.07 मीटर भरला पाहिजे. दोन्ही कर्ण रोज सकाळी मोजा, कारण रात्री गुरं धडकतात. डबे जड आहेत म्हणून मोजणं टाळू नका.

उत्तर दिशा होकायंत्रावर सोडू नका. त्याच जिल्ह्यातल्या देवाचे गोठणे या गावच्या कातळचित्रावर सुई भरकटते. जीपीएसने लांबलांबचे दोन बिंदू घ्या.

मातीला हात लावण्याआधी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आणि सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाची संमती. गावच्या मानकऱ्यांनाही विचारा.

खोबणीतली माती बांबूच्या चपट्या कामटीने आणि मऊ ब्रशने काढा. तारेचा ब्रश सड्यावर आणूच नका! त्याचा ताजा ओरखडा पुढच्या माणसाला कोरीव रेषा वाटतो. खडू, चुनाही नको. माती चौकोनवार वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी आत एक आणि बाहेर एक, मग 2 मिलिमीटरची चाळणी. गारगोटीचा बारीकसा छिलका निघाला तरी जपा; जांभ्याच्या सड्यावर तो सहसा माणसानेच आणलेला असतो.

सुटे दगड हाताने उलटू नका, खाली फुरसं असतं. काठी वापरा, घोट्यावरचे बूट घाला. सर्पदंशाचं औषध कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे ते निघण्याआधी फोन करून विचारा.

फोटो उगवतीला आणि मावळतीला, तिरप्या उन्हात. भर दुपारी खोबणीत सावलीच नसते, रेषा दिसत नाही. पाणी, टोप्या, बॅटऱ्या ठाऊकच आहेत.

आवरताना पिशव्या मोजा, दोऱ्या गुंडाळा. टेम्पोत आधी डबे चढवा. वीस.